वर्डप्रेसची थीम बदलायची, पण आधी केलेलं काम जाऊ द्यायचं नाही

थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा साचा, बदलल्यावर पाच-दहा मिनिटांत ओरड सुरू होते: लोगो गेला, मेनू गेला, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण गेलं, सगळं उडालं. खरं म्हणजे यातलं फारच थोडं उडालेलं असतं. वर्डप्रेस बहुतेक सेटिंग जुन्या थीमच्या नावाखाली डेटाबेसमध्ये ठेवून देतं आणि नवी थीम चालू झाली की तिकडे बघत नाही. जुनी थीम पुन्हा चालू केली की लोगो, रंग आपापल्या जागी हजर होतात. म्हणून नवी थीम निवडण्यात आठवडा घालवण्याआधी एक दिवस वेगळ्या कामाला द्या: आपल्या साइटवरची कुठली गोष्ट नेमकी कुठे साठवलेली आहे, ते शोधून काढा.

उदाहरणासाठी नागपूरच्या इतवारीतलं एक साड्यांचं दुकान धरू. साइट पाच-सहा वर्षांची. वर मरून रंगाची पट्टी, डावीकडे लोगो, त्याखाली सणाच्या सवलतीची सरकती ओळ, कोपऱ्यात व्हॉट्सअ‍ॅपचं हिरवं बटण, तळाशी पत्ता आणि नकाशा. दिसायला सगळं एकाच पानावर, पण साठवण पाच ठिकाणी.

काय कुठे असतं

थीमशी ज्यांचा संबंध नाही, त्या गोष्टींची काळजी सोडा. लेख, पानं, फोटो, कॉमेंट, युजर, प्लगइनची (साइटला जादा सोयी देणाऱ्या जोडण्यांची) सेटिंग, वूकॉमर्स या दुकानाच्या प्लगइनमधल्या ऑर्डर, साइटचं नाव आणि टॅगलाइन, ब्राउझरच्या टॅबवर दिसणारा साइट आयकॉन, पर्मालिंकची, म्हणजे पानांच्या पत्त्यांची, रचना, मुखपृष्ठ म्हणून कुठलं पान दाखवायचं ते आणि साइटची भाषा, हे सगळं थीम बदलूनही तसंच राहतं.

कस्टमायझरमध्ये, म्हणजे थीमचं रूप बदलायच्या पडद्यावर, केलेले बदल मात्र थीमला बांधलेले. डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलमध्ये 'थीम मॉड्स' आणि पुढे थीमच्या फोल्डरचं नाव अशी एक ओळ असते. लोगो, हेडरचं चित्र, पार्श्वभूमी, रंग, आणि कुठला मेनू कुठल्या जागी लावला आहे, हे त्या एका ओळीत. मेनू स्वतः वेगळा साठवलेला असतो, तो जात नाही. जाते ती फक्त त्याची नेमणूक. 'अ‍ॅडिशनल सीएसएस' या खान्यात लिहिलेलं सीएसएसही (दिसण्याचे नियम) थीमगणिक वेगळं साठवतात. वर्डप्रेस ४.७ मध्ये हा खाना आला तेव्हापासून असंच आहे. तेव्हा 'कस्टमायझरमध्येच तर लिहिलं होतं, नव्या थीमला दिसेलच' या भरवशावर राहू नका.

इथे अनेकजण फसतात ती एक गोष्ट. साठवणीचं नाव फोल्डरवरून ठरतं, त्यामुळे मूळ थीमवरून तिच्याच चाइल्ड थीमवर (आपले बदल ठेवायला मूळ थीमवर बेतलेली वेगळी थीम) गेलात तरी लोगो आणि रंग गायब होतात. दिसायला थीम तीच, पण वर्डप्रेसच्या लेखी नाव नवं.

विजेट, म्हणजे साइडबारमध्ये किंवा तळाशी लावलेले छोटे तुकडे, डेटाबेसमध्येच राहतात, पण नव्या थीममध्ये त्या नावाचा साइडबार नसेल तर ते 'इनअ‍ॅक्टिव्ह विजेट्स' मध्ये जाऊन बसतात. ४.९ पासून मिळत्याजुळत्या नावाच्या जागी मेनू आणि विजेट आपोआप बसवायचा प्रयत्न वर्डप्रेस करतं. कधी बरोबर बसवतं, कधी तळातला पत्ता साइडबारमध्ये चढवतं.

चौथी जागा म्हणजे थीमच्या फाइली. आपल्या दुकानाचं व्हॉट्सअ‍ॅपचं बटण बहुधा फुटर.पीएचपी मध्ये चिकटवलेलं असणार, आणि अ‍ॅनालिटिक्सचा (भेटी मोजणारा) कोड हेडर.पीएचपी मध्ये. साइट बनवणाऱ्याला तेव्हा घाई असते आणि तिथे लिहिणं सगळ्यांत सोपं. थीम बदलली की त्या फाइली वाचल्याच जात नाहीत. आणि थीम न बदलता नुसती अपडेट केली तरी त्या फाइली नव्याने लिहिल्या जातात, म्हणजे तिथे लिहिलेलं अपडेटमध्ये कायमचं जातं.

पाचवी जागा सगळ्यांत त्रासाची: विकतच्या थीमची स्वतःची यंत्रणा. काही थीम स्वतःचे शॉर्टकोड देतात, म्हणजे स्लायडरसारखी गोष्ट आणण्यासाठी पानात लिहायच्या खुणा. थीम गेली की पानावर स्लायडरच्या जागी चौकोनी कंसातला मजकूर उघडा पडतो. काही थीम 'साडी संग्रह' किंवा 'ग्राहकांचे अभिप्राय' असा वेगळा पोस्ट प्रकार स्वतःच नोंदवतात. थीम बंद झाली की तो प्रकार डॅशबोर्डमधून नाहीसा होतो. नोंदी डेटाबेसमध्ये असतात, पण त्या दाखवणारं कोणी उरत नाही. एलेमेंटॉरसारखे पेज बिल्डर प्लगइन असतात, त्यांच्यात बांधलेली पानं टिकतात. थीमबरोबर फुकट आलेला बिल्डर मात्र तपासून घ्या. तो वेगळं प्लगइन आहे की थीमच्या पोटात, एवढंच बघायचं.

आधी यादी, मग हात लावा

एक वही घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा. मुखपृष्ठ, एखादं उत्पादन, एखादा लेख, संपर्काचं पान आणि शोधाचे निकाल, या पाचही पानांचे संगणकावरचे आणि मोबाइलवरचे पूर्ण स्क्रीनशॉट काढा. मोबाइलचे विसरू नका, दुकानाची बहुतेक गिऱ्हाइकं तिथेच असतात. मग प्रत्येक दिसणाऱ्या गोष्टीसमोर वरच्या पाचपैकी कुठली जागा, ते लिहा.

काही गोष्टी दिसत नाहीत. मुखपृष्ठावर कंट्रोल आणि यू दाबून पानाचा सोर्स उघडा आणि 'व्हेरिफिकेशन', 'जीटॅग', 'पिक्सेल' हे शब्द इंग्रजीत शोधा. सर्च कन्सोलचा पडताळणीचा टॅग, अ‍ॅनालिटिक्सचा जी-ने सुरू होणारा क्रमांक, जाहिरातीचा पिक्सेल इथे सापडतात. ते प्लगइनमधून येतात की हेडरच्या फाइलीतून, ते लिहून ठेवा. हे गेलं तर साइट छान दिसत राहते आणि महिन्याने कळतं की भेटींचा आलेख जमिनीला टेकला आहे.

कस्टमायझरचा प्रत्येक विभाग उघडून रंगांचे सहा अंकी कोड आणि फॉन्टची नावं उतरवा. 'मरून' असं लिहून उपयोग नाही. दुकानाच्या पाटीचा मरून आणि साइटचा मरून जुळायचा तर कोडच लागतो. अ‍ॅडिशनल सीएसएसचा सगळा मजकूर उचलून साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवा.

बॅकअप

डेटाबेस आणि 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डर, दोन्ही हवेत. अपड्राफ्टप्लस किंवा डुप्लिकेटर यातलं कुठलंही चालेल. वर्डप्रेसच्या 'टूल्स' मधला एक्स्पोर्ट म्हणजे बॅकअप नव्हे. त्यात लेख, पानं, मेनू येतात, कस्टमायझरची सेटिंग येत नाहीत.

बॅकअप होस्टिंगवरच ठेवू नका, आपल्या संगणकावर उतरवून घ्या. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी लाइट जाते आणि राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर डाउनलोड अर्ध्यात तुटतं. फाइल फोल्डरमध्ये दिसते, पण उघडत नाही. उतरवलेली प्रत्येक झिप एकदा उघडून बघा.

शिवाय दोन छोटे प्लगइन घाला: 'कस्टमायझर एक्स्पोर्ट इम्पोर्ट' आणि 'विजेट इम्पोर्टर अँड एक्स्पोर्टर'. पहिल्याने कस्टमायझरची सेटिंग एका फाइलीत उतरतात, दुसऱ्याने विजेट. पहिल्या प्लगइनची फाइल त्याच थीमवर, किंवा मूळ थीमवरून तिच्या चाइल्डवर चढते. वेगळ्या थीमवर चढवायला गेलात तर नकार मिळतो, आणि तो योग्यच आहे, कारण दोन थीमच्या सेटिंगची नावं जुळत नाहीत.

थीमच्या पोटातलं बाहेर काढा

सगळ्यांत मोलाची पायरी हीच. ही नीट झाली तर पुढच्या वेळी थीम बदलताना निम्मं काम आधीच झालेलं असतं.

जुन्या थीमची फंक्शन्स.पीएचपी उघडा आणि साइट बनवणाऱ्याने शेवटी काय जोडलंय ते बघा. बहुधा तळाशी असतं. मूळ कुठला, जोडलेला कुठला, हे कळत नसेल तर त्याच आवृत्तीची ताजी थीम उतरवून दोन्ही फाइली शेजारी ठेवा. जोडलेला प्रत्येक तुकडा दोन प्रश्नांतून गाळा. तो दिसण्यापुरता आहे का? मग नव्या थीमला तो बहुधा लागणारच नाही, सोडून द्या. तो कामाचा आहे का, जसं की पाच हजारांवरच्या खरेदीला पाठवणी मोफत? मग तो स्वतःच्या छोट्या प्लगइनमध्ये हलवा.

असं प्लगइन म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. 'डब्ल्यूपी-कंटेंट' मधल्या 'प्लगइन्स' फोल्डरात नवं फोल्डर, त्यात एक पीएचपी फाइल, तिच्या माथ्यावर कॉमेंटमध्ये 'प्लगइन नेम' ही ओळ इंग्रजीत, आणि खाली हलवलेला कोड. फाइलींना हात लावायची धास्ती वाटत असेल तर 'कोड स्निपेट्स' प्लगइन वापरा. सांभाळायचं एकच: तेच फंक्शन जुन्या थीममध्येही शिल्लक असताना प्लगइन चालू केलंत, तर एका नावाची दोन फंक्शन्स होतात आणि साइट बंद पडते. आधी थीममधून काढा, मग प्लगइन चालू करा, आणि हे सगळं पुढे सांगितलेल्या चाचणीच्या प्रतीवर करा.

अ‍ॅनालिटिक्स आणि पडताळणीचे कोड 'डब्ल्यूपीकोड' सारख्या प्लगइनच्या हेडर-फुटर खान्यात न्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणाचा कोड त्याच्याच फुटर खान्यात. थीमने नोंदवलेला पोस्ट प्रकार 'कस्टम पोस्ट टाइप यूआय' मध्ये अगदी त्याच अंतर्गत नावाने पुन्हा नोंदवा. नाव जुन्या थीमच्या कोडमध्ये मिळतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर जुन्या नोंदी दिसणार नाहीत. शॉर्टकोड जिथे जिथे आहेत ती पानं शोधून तिथे साधे ब्लॉक बसवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला आडवाट नाही.

चाचणीची प्रत

चालू साइटवर थीम बदलून बघू नका. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये 'स्टेजिंग' असेल तर एका बटणात प्रत तयार होते. नसेल तर 'डब्ल्यूपी स्टेजिंग' प्लगइन, किंवा 'लोकल' हा प्रोग्राम घेऊन आपल्या लॅपटॉपवर. प्रत झाली की तिच्या रीडिंग सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना मनाई करा आणि गिऱ्हाइकांना जाणारे ईमेल बंद करा. नाहीतर चाचणीच्या ऑर्डरची पावती खऱ्या माणसाला जाते.

आता प्रतीवर नवी थीम चालू करा. तिच्या फाइलींत फेरफार करायचे असतील तर पहिल्या दिवसापासून चाइल्ड थीम ठेवा. चाइल्डच्या स्टाइल.सीएसएस मध्ये 'थीम नेम' आणि 'टेम्प्लेट' या दोन ओळी इंग्रजीत हव्यात. 'टेम्प्लेट' समोर मूळ थीमचं नाव नाही, तिच्या फोल्डरचं नाव येतं, लहान-मोठ्या अक्षरांसकट. इथे चुकलात की 'पेरेंट थीम मिसिंग' असा संदेश येतो. नुसते रंग आणि लोगो बदलायचे असतील तर चाइल्ड थीमची गरज नाही. चार ओळींच्या सीएसएससाठी चाइल्ड थीम बनवायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो उगाच काम वाढवतो.

मग या क्रमाने जा. मेनूच्या पडद्यावर 'मॅनेज लोकेशन्स' मध्ये मेनू जागेवर लावा. निष्क्रिय विजेट उचलून नव्या जागी न्या. लोगो चढवा, पण नव्या थीमचं माप बघून. जुना आडवा लोगो चौकोनी जागेत कापला जातो. रंगांचे कोड भरा. जुनं सीएसएस शेवटी, आणि तेही जसंच्या तसं चिकटवू नका. त्यातली क्लासची नावं जुन्या थीमची आहेत. एकेक नियम घ्या, तो अजून हवाय का ते बघा, हवा असेल तर ब्राउझरच्या 'इन्स्पेक्ट' मध्ये नव्या घटकाचं नाव शोधून बदला. शंभर ओळींतल्या बहुधा वीस-पंचवीसच उरतात.

फोटो धूसर किंवा वेडेवाकडे कापलेले दिसतील. वर्डप्रेस फोटो चढवतानाच त्याच्या लहान-मोठ्या प्रती बनवतं, आणि कुठल्या मापाच्या, ते त्या वेळची थीम ठरवते. नव्या थीमच्या मापाच्या प्रती जुन्या फोटोंना नसतात. 'रिजनरेट थंबनेल्स' चालवा. आधी होस्टिंगवर किती जागा उरली आहे ते बघा, हजारभर साड्यांच्या फोटोंच्या नव्या प्रती बरीच जागा खातात.

मराठी साइट असेल तर फॉन्ट

डेमोमध्ये सुंदर दिसलेली थीम आपल्या मजकुरावर बेंगरूळ का दिसते? डेमो इंग्रजीत असतो. मॉन्सेरात किंवा लाटो या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळे ब्राउझर आपल्या मनाने दुसरा फॉन्ट लावतो: विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो. प्रत्येकाला साइट वेगळी दिसते. मुक्ता, हिंद, पॉपिन्स, बालू २ किंवा नोटो सान्स देवनागरी यांतला एक निवडा. यांत देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत.

त्यानंतर मथळ्यांचं 'लेटर-स्पेसिंग' शून्य करा. इंग्रजी मथळ्यांत अक्षरं जरा सुटी ठेवायची पद्धत आहे, मराठीत त्याने शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि 'पैठणी' हा शब्द तीन सुट्या अक्षरांसारखा दिसतो. 'लाइन-हाइट' मथळ्यांना १.४ च्या आसपास आणि मजकुराला १.६-१.७ ठेवा. इंग्रजी थीममध्ये मथळ्याला १.१ किंवा १.२ असतं, त्यात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांना धडकतात. साइटची भाषा मराठी ठेवलेली असेल तर काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात. ती सेटिंग थीम बदलून जात नाही, पण आधीपासून इंग्रजीच असेल तर हाच मुहूर्त.

नवी थीम ब्लॉक थीम असेल तर

वर्डप्रेस ५.९ पासून आलेल्या, हेडर-फुटरसकट ब्लॉकनी बांधलेल्या या थीमचा कारभार वेगळा. कस्टमायझर मेनूतून सहसा दिसेनासा होतो आणि त्याजागी साइट एडिटर येतो. जुना मेनू 'नॅव्हिगेशन' ब्लॉकच्या सेटिंगमध्ये आयात करता येतो. विजेटचा पडदा नसतो. साइडबारमधला मजकूर टेम्प्लेट पार्टमध्ये आणावा लागतो. सीएसएस 'स्टाइल्स' खालच्या अ‍ॅडिशनल सीएसएसमध्ये. नवख्यांनी क्लासिक, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, थीमवरून ब्लॉक थीमवर जाताना वेळ दुप्पट धरावा, आणि दुकान जोरात चालत असेल तर घाई करू नये.

दिवस कुठला

पेंच आणि ताडोबाच्या सफारीचं बुकिंग घेणाऱ्यांना जुलै ते सप्टेंबर मोकळे, कोअर भाग बंद असतो. संत्र्याच्या पेट्या पाठवणाऱ्यांनी आंबिया आणि मृग बहाराच्या मधली सांदी धरावी. क्लासवाल्यांनी मे-जून टाळावा. साड्यांच्या दुकानाने दसरा-दिवाळी आणि लग्नसराई सोडून आषाढ-श्रावणातला एखादा मंगळवार घ्यावा, सकाळी लवकर. शुक्रवारी संध्याकाळी कधीच नाही: बिघडलं तर होस्टिंगचा जाणता माणूस सोमवारीच भेटतो.

चालू साइटवर नेताना

दुकान असेल तर स्टेजिंगचा डेटाबेस चालू साइटवर ढकलू नका. प्रत काढल्यापासून आलेल्या सगळ्या ऑर्डर पुसल्या जातात. हे नुकसान कुठल्याही हरवलेल्या लोगोपेक्षा मोठं, आणि 'पुश' चं बटण दाबताना इशारा नीट वाचला जात नाही. त्याऐवजी असं करा:

१. प्रतीवरच्या नव्या थीमची कस्टमायझर फाइल, विजेटची फाइल आणि सुधारलेलं सीएसएस उतरवून घ्या. फाइलीत सीएसएस आलं असलं तरी वेगळी प्रत असू द्या.
२. चालू साइटचा ताजा बॅकअप घ्या.
३. जुन्या थीममधून काढलेला कोड, प्लगइन, बदललेले शॉर्टकोड हे थीम न बदलता आधी चालू साइटवर न्या; तोच कोड जुन्या थीममधून आधी काढा, मग प्लगइन चालू करा. एक-दोन दिवस जुन्या थीमवरच चालू द्या.
४. नवी थीम चढवा, पंधरा मिनिटांसाठी मेंटेनन्सचं पान लावा, थीम चालू करा, फाइली आयात करा.
५. पर्मालिंकच्या सेटिंगमध्ये जाऊन काहीही न बदलता 'सेव्ह' दाबा. वेगळ्या पोस्ट प्रकारांची पानं ४०४ दाखवत असतील तर त्याने सुटतं.
६. कॅश (वेगासाठी साठवलेल्या पानांच्या जुन्या प्रती) पुसा: प्लगइनचा, होस्टिंगचा, आणि क्लाउडफ्लेअर असेल तर तिथलाही. मगच मेंटेनन्स काढा.

दहा-बारा पानांची साधी साइट असेल तर एवढा व्याप नको. थीमच्या यादीत 'लाइव्ह प्रिव्ह्यू' उघडा, लोगो, मेनू, रंग तिथेच बसवा आणि सगळं जमलं की 'अ‍ॅक्टिव्हेट अँड पब्लिश' दाबा. तोपर्यंत बाहेरच्यांना जुनीच थीम दिसते.

लगेच स्वतः एक ऑर्डर टाका, अगदी पैसे भरेपर्यंत. संपर्काचा फॉर्म भरून ईमेल येतो का बघा. मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपचं बटण 'कार्टमध्ये टाका' च्या डोक्यावर तर बसलेलं नाही ना, हेही. अ‍ॅनालिटिक्समध्ये रिअलटाइम उघडून आपली भेट मोजली जाते का पाहा.

पडदा पांढरा झाला किंवा 'क्रिटिकल एरर' आली तर साइटच्या अ‍ॅडमिन ईमेलवर रिकव्हरी मोडची लिंक येते. म्हणूनच तो पत्ता आधी तपासून ठेवायचा. कित्येक साइटवर तो सोडून गेलेल्या डेव्हलपरचाच असतो. ईमेल आलीच नाही तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये नव्या थीमच्या फोल्डरचं नाव बदला. थीम सापडली नाही की वर्डप्रेस स्वतःच्या डिफॉल्ट थीमवर येतं आणि डॅशबोर्ड उघडतो, पण ती थीम साइटवर असली पाहिजे. 'वापरत नाही' म्हणून सगळ्या ट्वेंटी-ट्वेंटी थीम पुसून टाकणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

जुनी थीम महिनाभर राहू द्या, बंद अवस्थेत, पण अपडेट करत. वापरात नसलेल्या थीमच्या भोकांतूनही साइटमध्ये शिरता येतं. त्या महिन्यात कोणी 'ते अमुक पान दिसत नाही' म्हणालं तर आधी यादी आणि स्क्रीनशॉट काढून बघा. महिना उलटला की जुनी थीम पुसा, एक डिफॉल्ट थीम ठेवा, आणि स्टेजिंगची प्रतही काढून टाका. ती तशीच पडून राहिली तर अपडेटविना तीच पहिली सडते.